२२ पानांचा पाण्याचा ताळेबंद पडद्यावर कसा आला

अवर्षणप्रवण तालुक्यातल्या एका गावाने पावसाळा संपता संपता पाण्याचा ताळेबंद मांडला होता. शिवारात पाऊस किती पडला, त्यातलं जमिनीत किती मुरलं, विहिरींना पाणी कितपत आहे, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल, उरलेल्यात रब्बीची कोणती पिकं किती एकरांवर घेता येतील, हा सगळा हिशेब वर्डमध्ये टाइप करून ठेवला होता. पानं २२. ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे तो ठेवायचा होता आणि सरपंचताईंचं म्हणणं होतं की या खेपेला नुसता वाचून दाखवायचा नाही. आदल्या वर्षी वाचून दाखवला तेव्हा चौथ्या पानानंतर लोक एकेक करून उठायला लागले होते. शाळेत प्रोजेक्टर आहे, समोर भिंत आहे, तेव्हा पडद्यावरच दाखवू.

काम ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालक ताईंकडे आलं. पॉवरपॉइंटमध्ये वर्डची फाइल थेट घेता येते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी 'होम' टॅबवर 'न्यू स्लाइड'खालचा बाण दाबला, 'स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन' निवडलं आणि फाइल दाखवली. पाहता पाहता दीडशेच्या वर स्लाइड तयार झाल्या. अहवालातला प्रत्येक परिच्छेद एका स्वतंत्र स्लाइडच्या शीर्षकाच्या जागी जाऊन बसला होता. काही परिच्छेद एवढे लांब की अक्षरं स्लाइडच्या खाली उतरली होती. मधूनमधून कोऱ्या स्लाइड होत्या. एका भागात तर मराठीचा मागमूस नव्हता. तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं एकापुढे एक लागलेली होती. तक्ते आणि शिवाराचा नकाशा कुठेच नव्हते.

पाणलोटाच्या कामामुळे माझं त्या गावात जाणंयेणं आहे, म्हणून ताईंनी मला फोन केला. त्यांचा पहिला विचार होता की सगळं पुसून एकेक स्लाइड हाताने टाइप करावी. तसं करता आलं असतं. पण हा ताळेबंद दर वर्षी मांडायचा आहे, दर वर्षी आकडे बदलणार आहेत, आणि दर वर्षी कुणीतरी रात्र रात्र बसून स्लाइड टाइप करणार असेल तर दोन वर्षांत ते बंद पडेल. म्हणून फाइलच दुरुस्त करायची असं ठरवलं.

पॉवरपॉइंटने नेमकं काय वाचलं

पॉवरपॉइंट त्याच्या नियमाने बरोबर वागलं होतं. वर्डची फाइल घेताना ते अक्षराचा आकार पाहत नाही, ठळकपणा पाहत नाही, ओळ मधोमध आहे की डावीकडे तेही पाहत नाही. ते फक्त परिच्छेदाला लावलेली स्टाइल पाहतं. 'हेडिंग १' लावलेली ओळ नव्या स्लाइडचं शीर्षक होते. 'हेडिंग २' त्या स्लाइडवरचा मुद्दा होतो, 'हेडिंग ३' त्या मुद्द्याखालचा उपमुद्दा. साधा मजकूर, म्हणजे 'नॉर्मल' स्टाइलमधला, मागेच राहतो. चित्रं आणि तक्तेही येत नाहीत. आणि अख्ख्या फाइलमध्ये हेडिंगची स्टाइल कुठेच नसेल तर पॉवरपॉइंटला आराखडाच दिसत नाही, मग ते प्रत्येक परिच्छेदाची एक स्लाइड करून मोकळं होतं. मोकळी जागा सोडण्यासाठी दाबलेला रिकामा एंटर हाही त्याच्या लेखी परिच्छेदच, म्हणून त्या कोऱ्या स्लाइड.

आराखड्यावरून स्लाइड करायची ही कल्पना मुळात फार जुनी आहे. मॅकिंटॉशवर १९८६ साली आलेल्या 'मोअर' नावाच्या आराखडा लिहायच्या प्रोग्रॅममध्ये मुद्द्यांच्या यादीवरून सादरीकरणाची पानं बनवायची सोय होती. पॉवरपॉइंट त्यानंतरच्या वर्षी आलं, तेही आधी मॅकिंटॉशवरच, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी फोरथॉट ही कंपनी विकत घेतली. म्हणजे हे सॉफ्टवेअर जन्मापासून असं धरून चालतं की बोलणाऱ्याने आधी मुद्दे उतरत्या पायऱ्यांनी मांडलेले आहेत. आपण सरकारी नमुन्यातला अहवाल त्याच्या हाती देतो, आणि त्यात पायऱ्या डोळ्यांना दिसतात पण फाइलमध्ये नसतात.

हे तपासायला अर्धा मिनिट पुरतो. वर्डमध्ये 'व्ह्यू' टॅबवर 'नेव्हिगेशन पेन'समोर खूण करा. डावीकडे जी यादी उघडते तीच पॉवरपॉइंटला दिसणारी फाइल. ताईंच्या फाइलमध्ये ती यादी संपूर्ण रिकामी होती. पानावर मात्र शीर्षकं व्यवस्थित दिसत होती, कारण ती अक्षरं मोठी करून, ठळक करून, मधोमध आणून केलेली होती. '३.२' सारखे क्रमांकही हाताने टाइप केलेले.

इंग्रजी अक्षरांचा भाग

शीर्षकांना हात लावण्याआधी तो न वाचता येणारा भाग पाहणं भाग होतं. हा त्रास मराठी कार्यालयांमध्ये अजूनही रोज होतो आणि बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

गावाची पार्श्वभूमी सांगणारी पानं काही वर्षांपूर्वीच्या एका जुन्या आराखड्यातून उचलून चिकटवलेली होती. तो आराखडा युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे ठरलेले संकेत देणाऱ्या पद्धतीत, नव्हता. श्रीलिपी, कृतिदेव, किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधले डीव्हीबी-टीटी या जुन्या फॉन्टांमध्ये फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. फॉन्ट फक्त त्या अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. तो फॉन्ट लावलेला आहे तोवर मजकूर मराठी दिसतो. स्लाइडच्या थीमने, म्हणजे तयार रंगरूपाने, स्वतःचा फॉन्ट लावला की आतली मूळ अक्षरं उघडी पडतात. वर्डमध्ये सगळं ठीक दिसतं आणि स्लाइडवर बिघडतं, ते यामुळेच.

कुठले परिच्छेद जुन्या फॉन्टात आहेत हे शोधायला फाइलची एक प्रत काढली, तिच्यातला सगळा मजकूर निवडून त्याला एरियल लावलं. युनिकोडमधलं मराठी मराठीच राहिलं, जुन्या फॉन्टातलं लगेच इंग्रजी झालं. अशी तीन पानं निघाली. ती तेवढीच उचलून परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणली. सगळी फाइल एकदम परिवर्तकात टाकू नये. त्यात मुळातच युनिकोडमध्ये असलेला मजकूर आणि खरीखुरी इंग्रजी अक्षरंही असतात, त्यांचं नुकसान होतं.

परिवर्तनानंतर मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलट्या बाजूने सरकतो. 'वर्षा', 'निर्माण', 'दुसऱ्या' अशा शब्दांत चूक राहण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. आणि आकडे! ताळेबंदात आकडा चुकला तर सगळंच चुकलं, म्हणून भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, मूळ कागदावर बोट ठेवत एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि ताईंनी पडद्यावर तपासला.

शीर्षकं

स्टाइल लावणं हे काम तसं झटपट होतं. एका मुख्य शीर्षकात कर्सर ठेवून 'होम' टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट'मधून सारख्या रूपाचा सगळा मजकूर निवडायचा, आणि वरून 'हेडिंग १' दाबायचं. एका झटक्यात सगळी मोठी शीर्षकं खरी शीर्षकं झाली. उपशीर्षकांचं तसंच, त्यांना 'हेडिंग २'. जी दोनचार निसटली ती कंट्रोल, आल्ट आणि १ किंवा २ दाबून पकडली. हाताने टाइप केलेले क्रमांक आणि रिकामे एंटर काढून टाकले. डावीकडची यादी भरली.

तेव्हाच पॉवरपॉइंटमध्ये घेतलं असतं तर सुटसुटीत स्लाइड मिळाल्या असत्या. आणि ग्रामसभा तरीही चौथ्या स्लाइडनंतर उठली असती. कारण यादीत ओळी होत्या त्या अशा: 'प्रस्तावना', 'अहवालाची कार्यपद्धती', 'भूजल पातळीतील चढउतार', 'पीकनिहाय पाण्याची गरज', 'निष्कर्ष व शिफारशी'. एकाही ओळीतून गावाला काही कळत नव्हतं. अहवाल वाचणारा अधिकारी अशी शीर्षकं पाहून हवं ते पान काढतो, त्याच्यासाठी ती योग्यच आहेत. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला पान उलटता येत नाही. त्याला शीर्षकातूनच गोष्ट कळायला हवी.

मग यादी समोर ठेवून सरपंचताई, भाऊसाहेब, परिचालक ताई आणि मी बसलो. या बैठकीला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता, असं माझं ठाम मत आहे. सरपंचताईंना मी एवढंच विचारत होते की हे पान बाजूला ठेवून तुम्ही एका वाक्यात सांगायचं झालं तर काय सांगाल. त्या सांगत, ताई ते टाइप करत. 'भूजल पातळीतील चढउतार' याचं झालं 'मार्चनंतर वरच्या अंगाच्या विहिरी आटतात'. 'पीकनिहाय पाण्याची गरज' याचं झालं 'एक एकर उसाचं पाणी किती एकर ज्वारीला पुरेल?' 'निष्कर्ष व शिफारशी' याचं झालं 'आज आपण काय ठरवायचं आहे'.

भाऊसाहेबांनी दोन हरकती घेतल्या आणि दोन्ही रास्त होत्या. पहिली अशी की अहवालाचा नमुना ठरलेला आहे, तो पंचायत समितीकडे जायचा आहे, त्यातली शीर्षकं बदलता येणार नाहीत. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवली आणि 'सेव्ह अ‍ॅज' करून स्लाइडसाठी वेगळी प्रत केली. बदल फक्त प्रतीत. दुसरी हरकत जास्त खोल होती. एका ठिकाणी सरपंचताईंनी 'ऊस कमी करावाच लागेल' असं वाक्य सांगितलं होतं. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, हे पडद्यावर आलं तर लोक म्हणणार ग्रामपंचायतीनं आधीच ठरवून टाकलंय. मग ग्रामसभा कशाला?" सरपंचताई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि त्यांनी ते वाक्य स्वतःच बदललं: 'उसाला एवढं पाणी लागतं, आपल्याकडं एवढं आहे'. शीर्षकात पूर्ण वाक्य असावं, पण निर्णय ज्यांचा आहे त्यांच्या आधी स्लाइडने निर्णय देऊ नये, हा फरक मला त्या टेबलावर कळला.

क्रमही बदलला. अहवालात आधी पार्श्वभूमी, मग शासन निर्णयांचे संदर्भ, मग पद्धत आणि फार पुढे पाण्याचा हिशेब येतो. ग्रामसभेला हिशेब आधी हवा. डावीकडच्या यादीतलं शीर्षक माउसने धरून वर किंवा खाली ओढलं की त्याखालचा सगळा मजकूर त्याच्यासोबत सरकतो, कापणं-चिकटवणं लागत नाही. पद्धतीचं प्रकरण पार शेवटी गेलं. संदर्भांच्या शीर्षकाची स्टाइल काढून त्याला साधा मजकूर केलं, म्हणजे ते स्लाइडवर येणारच नाही.

'हेडिंग २'च्या ओळीही लिहाव्या लागल्या. अहवालात मुद्दे लांबलचक परिच्छेदांत विरघळलेले असतात आणि साधा परिच्छेद तर स्लाइडवर येत नाही. म्हणून प्रत्येक शीर्षकाखाली दोन किंवा तीन छोट्या ओळी नव्याने लिहून त्यांना 'हेडिंग २' दिलं. चौथी ओळ लिहावीशी वाटली की त्या शीर्षकाचे दोन भाग केले.

मग वर्डची फाइल बंद केली. ती उघडी असली तर पॉवरपॉइंट घ्यायला नकार देतं, आणि पुष्कळ जण इथेच अडकतात. पुन्हा 'स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन'. या वेळी १४ स्लाइड आल्या. अक्षरांचा रंग आणि आकार वर्डमधून सोबत आला होता. सगळ्या स्लाइड निवडून 'होम'वरचं 'रीसेट' दाबलं, मजकूर थीमच्या मापात बसला.

जे आपोआप आलं नाही

तक्ते हाताने आणायचे होते, आणि ते आपोआप आले नाहीत हे चांगलंच झालं. पिकांचा तक्ता ११ ओळींचा आणि ६ रकान्यांचा होता. तो स्लाइडवर चिकटवला तर मागच्या सतरंजीवरून एकही आकडा दिसला नसता. त्यातल्या दोनच गोष्टी गावाला हव्या होत्या: उपलब्ध पाणी आणि पिकांची मागणी. एक्सेलमध्ये दोन उभे स्तंभ काढले. एक्सेलमधला आलेख पॉवरपॉइंटमध्ये चिकटवताना तो सहसा मूळ फाइलशी जोडलेला राहतो. आपण सादरीकरण दुसऱ्या यंत्रावर नेणार असू तर चिकटवण्याच्या पर्यायांतून आलेख आतच सामावून घ्यावा.

हिशेबाची पहिली स्लाइड मला सगळ्यांत आवडली. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. या हिशेबाने हजार हेक्टरांच्या शिवारावर ४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४०० कोटी लिटर. दोन हजार लोकवस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला लागतात साधारण ४ कोटी. गाव जवळपास याच मापाचं आहे. स्लाइडवर फक्त दोन आकडे ठेवले, शंभरातला एक. अहवालात हे हजार घनमीटरांत लिहिलेलं होतं आणि पान सहावर होतं. मागच्या वर्षी ते वाचून दाखवताना कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं की पडणाऱ्या पावसाच्या शंभराव्या हिश्श्यात अख्ख्या गावाचं पिणं भागतं, आणि तरी मे महिन्यात टँकर येतो.

विहिरींच्या स्लाइडवर सरपंचताई अडल्या. अहवालात 'निरीक्षण विहीर क्र. ७' असं होतं. "सात नंबर म्हणजे कुणाची?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडं विहिरीला नंबर नसतो मॅडम, नाव असतं." मग क्रमांकांच्या जागी जागांची नावं आली: पांदीजवळची, खालच्या मळ्यातली, बारवेमागची. शेतकऱ्यांची नावं मात्र मुद्दाम घातली नाहीत. कुणाची विहीर आटली हे चारचौघांत पडद्यावर दाखवायचं नसतं.

आणि वर्डमधले ते सगळे परिच्छेद? ते फेकून दिले नाहीत. प्रत्येक स्लाइडखाली 'नोट्स'ची जागा असते. त्या त्या शीर्षकाखालचा मूळ मजकूर, थोडा बोलीत आणून, तिथे ठेवला. छापताना 'नोट्स पेजेस' निवडलं की एका कागदावर वर स्लाइडचं छोटं चित्र आणि खाली बोलायचा मजकूर येतो. सरपंचताईंच्या हाती तो गठ्ठा दिला. त्यांना पडद्याकडे पाठ फिरवून वाचावं लागलं नाही. स्लाइडवर कमी लिहायचा धीर येतो तो नोट्समुळेच, कारण बाकीचं हरवलेलं नाही हे आपल्याला माहीत असतं.

शाळेचा लॅपटॉप

प्रोजेक्टर शाळेचा, तेव्हा लॅपटॉपही शाळेचाच. त्यावर विंडोजऐवजी उबुंटू आणि वर्ड-पॉवरपॉइंटऐवजी लिबरऑफिस होतं. आदल्या दिवशी फाइल तिथे उघडून पाहिली ते बरं झालं. ताईंच्या संगणकावर निर्मला यूआय हा विंडोजचा फॉन्ट वापरला होता. तो उबुंटूवर नसतो, त्याच्या जागी दुसरा आला आणि त्याची रुंदी वेगळी असल्यामुळे तीन स्लाइडवर ओळी तुटून खाली ढकलल्या गेल्या. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट दोन्ही यंत्रांवर बसवला आणि थीममध्ये तोच लावला. पॉवरपॉइंटमध्ये फॉन्ट फाइलमध्येच सामावून ठेवायची सोय आहे, पण दुसरीकडे दुसरं सॉफ्टवेअर असेल तर मी तिच्यावर विसंबून राहत नाही.

ओळींमधल्या अंतराचाही प्रश्न होता. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या थीममध्ये मुद्द्यांच्या ओळींचं अंतर ९० टक्के धरलेलं असतं. इंग्रजीला ते चालून जातं. मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. शिवाय मजकूर जास्त झाला की सॉफ्टवेअर आपणहून अक्षर लहान करतं आणि अंतर आणखी आवळतं. 'स्लाइड मास्टर'मध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यात, एकदाच अंतर वाढवलं आणि आपोआप लहान होणं बंद केलं. त्यानंतर मजकूर बाहेर गेला तर तो आपण कमी करायचा.

लिबरऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट बदलताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिथे पाश्चात्त्य लिपी आणि देवनागरीसारख्या संयुक्त लिपी यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे नोंदलेले असतात. शैलीत वरचा फॉन्ट बदलून मराठीवर काहीच परिणाम होत नाही असं दिसलं, तर संयुक्त लिपीचा रकाना पाहायचा.

तिथे बसल्या बसल्या ताईंना लिबरऑफिसचाही रस्ता दाखवला. रायटरमध्ये, म्हणजे त्यातल्या वर्डसारख्या भागात, 'फाइल' मेनूत 'सेंड'खाली दोन पर्याय आहेत. 'आउटलाइन टू प्रेझेंटेशन' फक्त शीर्षकांवरून इम्प्रेस या पॉवरपॉइंटसारख्या भागात स्लाइड करतं. 'ऑटोअ‍ॅबस्ट्रॅक्ट टू प्रेझेंटेशन' मला जास्त उपयोगी वाटतं. ते दोन प्रश्न विचारतं: शीर्षकांच्या किती पायऱ्या घ्यायच्या, आणि प्रत्येक शीर्षकाखालचे किती परिच्छेद घ्यायचे. दोन पायऱ्या आणि एक परिच्छेद असं सांगितलं की शीर्षकाखालचा पहिला परिच्छेदच स्लाइडवर येतो. म्हणून जो अहवाल पुढे स्लाइडवर जाणार आहे, त्यात प्रत्येक शीर्षकाखाली पहिला परिच्छेद एका वाक्याचा आणि मुद्द्याचा ठेवायचा, स्पष्टीकरण दुसऱ्यापासून. मग 'हेडिंग २' वेगळं लिहायचीही गरज उरत नाही. इथेही अट तीच: शीर्षकांना खरी स्टाइल हवी.

अख्खी फाइल देऊन कृत्रिम बुद्धिमत्तेकडून स्लाइड करून घ्यायची सोयही आता पॉवरपॉइंटच्या काही योजनांमध्ये मिळते. भाऊसाहेबांनी त्याबद्दल विचारलं. ग्रामपंचायतीकडे ती नव्हती. असती तरी मी शीर्षकांची बैठक टाळली नसती. कोणता आकडा पुढे आणायचा आणि कोणतं वाक्य मवाळ करायचं हे त्या गावच्या सरपंचाला आणि ग्रामसेवकालाच ठरवायचं असतं, आणि सभेत उठणाऱ्या प्रश्नांना उत्तरंही त्यांनाच द्यायची असतात.

ग्रामसभा

सभा दिवसाउजेडी, शाळेच्या मोठ्या खोलीत. खिडक्यांना सतरंज्या लावूनही उजेड आत येत होता. सुरुवातीला निवडलेली गडद निळी पार्श्वभूमी आदल्या दिवशीच बदलून पांढरी केली होती, काळी अक्षरं मागपर्यंत वाचता आली. फोटो मात्र फिके पडले. शेततळ्याचा एक फोटो तर ओळखूच आला नाही. नकाशाही मागच्यांना दिसला नाही, तेव्हा भाऊसाहेबांनी मोठा छापलेला नकाशा भिंतीला लावला आणि लोक उठून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. वीज गेली तर म्हणून स्लाइडची पीडीएफ आधीच गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली होती. वीज गेली नाही, पण मागे बसलेले कितीतरी जण ती मोबाइलवर मोठी करून पाहत होते.

१४ स्लाइडपैकी दहाच दाखवून झाल्या. ४०० कोटी आणि ४ कोटींच्या स्लाइडवर एक आजोबा म्हणाले, हिशेब चुकलाय. सरपंचताईंनी नोट्सचा कागद पाहून हेक्टर आणि मिलिमीटरचा गुणाकार फळ्यावर करून दाखवला. विहिरींच्या स्लाइडवर वाद झाला. खालच्या मळ्यातली विहीर एप्रिलपर्यंत टिकते असं पडद्यावर होतं, तिथल्या शेतकऱ्याचं म्हणणं होतं की ती मार्चमध्येच जाते. त्याचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवलं आणि पुढच्या मोजणीला त्याने स्वतः हजर राहावं असं ठरलं. 'निरीक्षण विहीर क्र. ७' असंच लिहिलेलं राहिलं असतं तर ही चूक कुणी काढली असती असं मला वाटत नाही.

उसाचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. नव्याने लागण करणाऱ्यांनी ठिबक घ्यावं यावर बरीच चर्चा झाली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. रब्बीत ज्वारी आणि हरभऱ्याचं क्षेत्र किती धरायचं हे मात्र ठरलं.

नंतर ताईंनी ती वर्डची प्रत साचा म्हणून जपून ठेवली आहे: शीर्षकं तशीच, आकड्यांच्या जागी मोकळी जागा. पुढच्या वर्षी आकडे भरून थेट स्लाइड करता येतील. मूळ अहवालाच्या नमुन्यालाही त्यांनी हेडिंगच्या स्टाइल लावून घेतल्या, त्यामुळे अनुक्रमणिका आता आपोआप तयार होते आणि ती हाताने टाइप करण्याचं भाऊसाहेबांचं काम वाचलं. भाऊसाहेबांना आता ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडाही असाच पडद्यावर हवा आहे. तो पाहिला मी. त्यात परिच्छेद जवळजवळ नाहीतच, सगळे कामांचे आणि निधीचे तक्ते आहेत. तिथे वर्डकडून सुरुवात करून उपयोग नाही. एक्सेलमध्ये कामांची वस्तीनिहाय वर्गवारी आधी करावी लागेल, आणि ताईंनी ती करायला घेतली आहे.